मिटल्या तोंडाचे तिसरे

मुलुंडच्या बाजारात मी ज्या मालवणी मावशीकडून मासे घेते, तिचं नाव मला अजून ठाऊक नाही. अंगठ्याने मासा दाबून तो पाण्याबाहेर कधी आला ते ती सांगते. गिऱ्हाइकाने दाबलेला मात्र तिला खपत नाही. "गो, तो आजारी नाय, तपासू नको!"

मी चुनखडीतल्या समुद्री जीवाश्मांचं वय काढते. एकदा पिशवीत अंदमानचा दगड होता, तिच्या टोपलीतल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांनी भरलेला. ते शिंपले मेल्यावर लाटांनी तिथे आणून टाकले, असं मी अहवालात लिहून मोकळी झाले होते. गंमत म्हणून दगड तिच्यापुढे ठेवला. तिने आधी वास घेतला, मग अंगठा फिरवला.

"कितके जुने?"

"दोन कोटी वर्षं. चार-पाच लाख इकडेतिकडे."

"चार-पाच लाख? माझो एक दिस चुकलो तर गिराईक परत येवचा नाय! आणि हे मिटलेले आसत. मेल्यार तोंडां उघडतत. हे जितेच पुरले, बाय."

घरी येऊन भिंगाखाली पाहिलं. एकूण एक जोडी मिटलेली होती. इतके दिवस मी दगड पाहिला होता, तोंडं पाहिली नव्हती. रात्रभर बसून अहवाल बदलला.

रविवारी तिला सांगितलं, "मावशी, तुझंच बरोबर. वरून गाळ कोसळला आणि सगळे जिवंत गाडले गेले."

तिचा चेहरा पडला. "अरेरे, बिचारे," म्हणत तिने छातीवर हात ठेवला, आणि त्याच हाताने मूठभर जिवंत तिसरे माझ्या पिशवीत जास्तीचे टाकले.