बिनट्रकची वाट

चंपतराव हेडाऊ मले कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. तुम्ही बोला. मी सात हिवाळे त्याच्या मागं सायकल चालवली, सात हिवाळे त्याच्या शिव्या खाल्ल्या अन् व्याजासकट परत दिल्या. त्याच्याबद्दल खरं बोलायचा हक्क मले आहे, बाकीच्यायले नाही.

आम्ही दोघंही कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर. मी शेतकऱ्याच्या घरचा, तो नागपूरच्या तांडापेठेतला, विणकराच्या घरचा. त्याचा बाप हातमागावर लुगडी विणून म्हातारा झाला, अन् यानं मागाचं तोंड पाहाणं सोडलं. माणूस काटकुळा, नाक मोठं, अन् जीभ त्याच्याहून मोठी. कोणी नमस्कार केला तरी म्हणे, "काहून बे, काम काय आहे?" असा. त्याले एकच सुख होतं, सायकल. सुटी आली का हा निघाला. रामटेक, पवनी, एकदा तं छिंदवाड्यापर्यंत एकटाच जाऊन आला.

पंचाहत्तर साली कोराडी रोडवर कोळशाच्या एका ट्रकनं त्याले मागून घासलं. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. चार महिने खाटेवर होता. पाय जुळला, पण कान बिघडले म्हणा ना. मागून ट्रकचा हॉर्न वाजला का त्याचे हात हँडलवरून सुटत. मी स्वतः पाहिलं आहे. भर रस्त्यात सायकल टाकून नालीपाशी जाऊन बसला होता, डोकं गुडघ्यात, अन् सदरा घामानं चिंब. त्यानंतर तो ड्यूटीवर स्टाफ बसनं येई, डोळे मिटून, पुढचं सीट दोन्ही हातांनी धरून. सायकल घरी भिंतीले टेकून. घरातल्यायवर त्याचं तोंड दुप्पट चालू लागलं. त्याची बायको इंदूबाई एक दिवस माह्या घरी येऊन म्हणाली, "भाऊजी, यायले कुठं तरी सायकल चालवू द्या गा, नाही तं मले माहेरी पोचवून द्या."

आता नागपूरभोवती ट्रक नाही असा रस्ता कुठून आणावा? पण त्यानं आणला. रामटेकच्या पलीकडं, सागाच्या जंगलात, टेकड्याटेकड्यांतून गेलेल्या बैलगाडीच्या वाटा त्यानं हुडकायले सुरुवात केली. दर हिवाळ्यात, दिवाळी झाली का रविवारी पहाटेच्या पॅसेंजरमधे गार्डच्या डब्यात सायकली टाकायच्या, रामटेकले उतरायचं, अन् तिथून जंगलात. पहिल्या वर्षी आम्ही सहा जण होतो. दुसऱ्या वर्षी मी एकटा उरलो. बाकीच्यायले त्याचं तोंड सोसलं नाही.

त्याची तपासायची रीतही त्याच्यासारखीच खडूस. वाटेत धूळ दिसली का सायकल टाकून खाली वाकायचा. बैलगाडीची चाकोरी अरुंद राहते, कडेनं लोखंडी धाव उमटते, मधे शेण पडलेलं राहते. ते दिसलं का हा खूश. पण ट्रकच्या टायरची एक नक्षी दिसली, एकच, महिनाभर जुनी का असेना, का हा उभा राहून जाहीर करी, "ही वाट बाटली!" अन् परत फिरायचं. एकदा चौदा किलोमीटर जाऊन परत फिरवलं यानं मले. उन्हात. पोटात भाकर नाही. मी म्हटलं, "अरे तो ट्रक मेला असन आतापर्यंत!" तर म्हणे, "मारोत्या, तुले यायचं तं ये, नाही तं मर इथंच." मी सायकल आपटली. दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो. राखेच्या धुरात सहा दिवस काढल्यावर जंगलाची हवा लागतेच माणसाले, काय करता.

अठ्ठ्याहत्तरच्या पौषात त्याले पाहिजे ती वाट सापडली. दोन टेकड्या चढून, एका खिंडीतून उतरून बेहडाटोला नावाच्या वीस घरांच्या गावापाशी निघणारी. जातायेता बत्तीस किलोमीटर, अन् पूर्ण वाटेत टायर नाही, हॉर्न नाही. त्या उतारावर चंपतराव पायडल न मारता खाली गेला अन् मोठ्यानं हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मले त्या वेळी बरं वाटलं, खोटं कशाले बोलू. सगळ्या पृथ्वीवर त्या माणसाले सायकलवर बसता येईल अशी तेवढीच एक जागा होती.

फक्त गावाच्या अलीकडं एक नाला होता. हिवाळ्यात गुडघाभर पाणी, खाली शेवाळलेले दगड. सायकल खांद्यावर घेऊन पार करायचा. पुढच्या हिवाळ्यात माहा पाय सटकला. मी पडलो, सायकल दगडावर पडली, पुढच्या चाकाचा चिमटा वाकला, रिंग गेली. अन् हा काठावर उभा राहून म्हणे, "डोळे घरी ठेवून आला का बे?" माही आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "इथं रपटा होईन तवाच मी येईन. तोवर तू अन् तुही वाट!"

सायकल दुरुस्त झाली तसा मी गेलोच, पण हे बोलणं मले भोवलं. चंपतरावनं खरंच रपट्यासाठी अर्ज लिहिला. नाल्यावर दगड-सिमेंटचा बुटका पूल, पावसात पाणी वरून जाईल अन् एरवी माणूस कोरडा जाईल, एवढीच मागणी. नाल्याकाठच्या पहिल्या घरात गोपिकाबाई नावाची एक म्हातारी राहत होती, आम्ही तिच्याच घरी पाणी पेत होतो. तिनं घरोघर फिरून अंगठे घेतले. मग हा सुट्या टाकून कचेऱ्या झिजवत बसला. साहेबांशी भांडला, चपराशांशी भांडला. एकदा माह्याशीच भांडला, का मी अर्जावर शाई सांडली. शेवटी ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात रपटा झाला. मले वाटलं, चला, सुटलो.

त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा गेलो. चंपतराव पुढं. खिंड उतरलो अन् तो थांबला. खाली वाकलाच नाही, वाकायची गरजच नव्हती. रस्त्यावर दुहेरी चाकांचे खड्डे, कडेची झुडपं मोडलेली, धूळ घोट्यापर्यंत. रपटा झाला तसे सागाचे लाकूडवाले ट्रक त्या बाजूनं यायले लागले होते. चंपतराव म्हणाला नाही का वाट बाटली. त्यानं सायकल उलटी फिरवली अन् हातात धरूनच पायी निघाला, अन् तेच मले जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तं मी ऐकल्या असत्या.

पुढच्या रविवारी त्यानं सायकलच्या दांडीले पोत्यात गुंडाळून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, बांधली होती. मले समजलं, हा रपटा उखडायले चालला. रपट्याचं खूळ त्याच्या डोक्यात मीच घातलं होतं, मग कोणत्या तोंडानं अडवू?

रपट्याच्या कडेले मोठे दगड बसवलेले असतात, ते निघाले का वरचं सिमेंट एका पावसात वाहून जाते. चंपतराव पाण्यात उतरला अन् सब्बल घालून दगड उचकटू लागला. दोन निघाले. तिसरा हलत होता तेवढ्यात गोपिकाबाई वरून ओरडली, "काय करून राहिला गा?"

"तुमाले काय करायचं? रपटा माहा आहे. मी आणला. आता मीच नेतो."

"कोनाच्या बापाचा व्हय?" म्हातारी तरातरा खाली आली. "ट्रकवाले लई भले हायेत असं मी नाही म्हनत. माह्या दोन कोंबड्या चिरडल्या मेल्यायनं. पन तू हात लाव आता दगडाले!"

"बाई, मले ट्रक सोसत नाही. माही दुसरी वाट नाही कुठं."

"अन् आमची व्हती का?" तिचा आवाज फाटला. "तीन सालाखाली, श्रावनात, माह्या मोठ्या सुनंले कळा लागल्या. खाटेवर टाकून आनलं तिले इथंवर. नाला दोन्ही काठ भरून. दोन दिवस, दोन राती आमी इथं बसलो, याच काठावर. पानी उतरलं, तवा पोरगी थंड झाली व्हती. पोटातलंबी गेलं. यंदा पोयाच्या सनाआधी धाकटीची तीच गत. पन दुपारी पानी रपट्याखाली उतरलं अन् दवाखान्याची जीप दारात आली. जित्ती हाय ती. लेक झाली."

चंपतराव पाण्यात उभा. "मले ठाऊक नव्हतं, बाई."

"ठाऊक कसं असन? तुमी हिवाळ्यात येता, पानी पेता, जाता. पाच वर्सं आले. एकदा तरी पुसलं का, का पावसाळ्यात कशा राहता म्हनून?"

मीही पुसलं नव्हतं.

"बसव ते दगडं," ती म्हणाली.

त्यानं सब्बल काठावर टाकली अन् पहिला दगड उचलला. तेवढ्यात खिंडीतून घरघर ऐकू आली. सागानं लादलेला ट्रक उतरून रपट्याच्या तोंडाशी येऊन थांबला, अन् ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच. चंपतरावच्या हातातून दगड सुटून पाण्यात पडला. मी उतरलो, म्हटलं, "तू सरक, मी लावतो."

"तूच सरक बे," तो म्हणाला.

"ए बुढ्ढे, हट ना! शाम तक यहीं बैठेगा क्या?" ड्रायव्हर वरून ओरडला, अन् पुन्हा हॉर्न. चंपतरावनं वाकून तोच दगड पुन्हा काढला, जागी बसवला, फटीत गिट्टी ठासली. दुसरा बसवला, हलणारा तिसरा ठोकून घट्ट केला. त्यावर उभा राहून पाय दाबून पाहिला. मग रपट्यावर चढला अन् ट्रकच्या अगदी समोर जाऊन उभा झाला. वाटलं, आता हा भांडतो.

त्यानं हात वर केला अन् ड्रायव्हरले खूण केली, ये. त्या आत्ताच बसवलेल्या दगडांच्या बाजूले चाक जाऊ नये म्हणून, थोडा इकडं, थोडा इकडं, असं करत तो ट्रकच्या तोंडापुढं एकेक पाऊल मागं सरकत गेला. हॉर्न वाजतच होता. पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत त्याची पॅन्ट मांड्यांपाशी ओली झाली होती, अन् नाल्याचं पाणी तं गुडघ्याच्या वर नव्हतंच. गोपिकाबाईनंही ते पाहिलं, अन् तिनं तोंड वळवलं. ट्रक टेकडीआड दिसेनासा होईपर्यंत चंपतराव हात तसाच वर धरून उभा होता.