उरलेलं कुठं गेलं?

वकीलबाईंना मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण मराठीत काय झाकलं गेलं ते बरोबर कळायचं. त्या घानाच्या. नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या बायांसाठी तिकडे त्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या होत्या. इथं बहारीनमध्ये आमच्या कंपनीची कंत्राटं तपासायच्या, आणि मी त्याच मजल्यावर सेक्रेटरी. ऑफिसात त्या सगळ्यांच्या मॅडम. आमच्या घरात मात्र पहिल्यापासून वकीलबाई. डोक्याला भडक रंगाचं कापड गुंडाळून त्या पार्किंगमध्ये हसल्या, की वर ऑफिसच्या खिडकीत ऐकू यायचं.

परदेशी म्हणून इथं त्यांना वकिली करता येत नव्हती. "इथल्या कोर्टात मी उभी राहू शकत नाही," त्या म्हणायच्या, "पण माझ्या स्वयंपाकघरात मी कुणालाही उभं करू शकते." आणि करायच्याच. शुक्रवारी दुपारी घरकामाच्या बाया त्यांच्या जनाबिया भागातल्या फ्लॅटवर यायच्या. त्यांच्या देशातल्या, शेजारच्या देशांतल्या, आणि हळूहळू आपल्याकडच्याही. आलेल्या बाईला फ्रिजपाशी उभं करायचं. आधी स्वतःचं नाव सांगायचं. अमक्या मॅडमची कामवाली नाही, तमक्याची बायको नाही, नाव. मग तक्रार, स्वतःच्या तोंडाने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. लेबर ऑफिसात जायच्या आधी हे इतक्यांदा घोटून घ्यायच्या की बाई वैतागायची. "वैताग," त्या म्हणायच्या, "साहेबासमोर घाबरण्यापेक्षा माझ्यासमोर वैतागलेली बरी."

हिंदी-मराठी बोलणाऱ्यांसाठी दुभाषी म्हणून मला धरून नेलं. मोबदला म्हणजे त्यांचा तो टोमॅटोतला लाल भात. मी वर्ध्याची, तिखटाला भिणारी नव्हे, पण त्या भाताने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. बाई टेबलावर थापा मारत हसल्या. माझ्या वरणाला मात्र त्या आजाऱ्याचं जेवण म्हणत, आणि भांडं पुसून खात.

रहिमा आली ती अशाच एका शुक्रवारी. रायगडातल्या म्हसळ्याची, बाईंच्याच रस्त्यावरच्या एका व्हिलात कामाला. कंत्राट संपलं होतं, पण पासपोर्ट मालकाकडे, आणि मालकीणबाईंचं रोज एकच, इंशाल्ला, पुढच्या महिन्यात. इकडे तिची लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला आईच्या घरी येऊन बसलेली, आणि आईच घरात नाही. "पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं ना, ताई? मी नाही पोचले तर पोर कुणाच्या तोंडाकडं बघणार?" एवढं बोलून ती जी सुटली, ती बराच वेळ थांबलीच नाही. रात्री खोलीला बाहेरून कडी लावतात. मुलांच्या ताटातलं उष्टं देतात. पाळीचे पॅडसुद्धा मालकाकडे मागावे लागतात, आणि तो ते सगळ्यांसमोर हातात देतो आणि हसतो.

मी इंग्रजीत सांगितलं, जेवण नीट देत नाहीत, रात्री कोंडून ठेवतात, हिला घरी जायचंय.

वकीलबाईंनी चमचा खाली ठेवला. "ती एवढं बोलली. तू एवढंसं बोललीस. उरलेलं कुठं गेलं?"

मी गोरीमोरी झाले. म्हटलं, मॅडम, काही गोष्टी अशा सांगत नाहीत आमच्यात. चारचौघांत त्या बिचारीची अब्रू...

"तू तिची अब्रू नाही राखलीस, सुजाता. तिच्या मालकाची राखलीस."

मग सगळं इंग्रजीत सांगितलं. रहिमा माझ्या तोंडाकडे टकमक बघत होती. "काय म्हणाल्या बाई?" म्हणून तिने विचारलं, तर मी तेही तिला सांगितलं. तिला ते फारच आवडलं. पुढच्या शुक्रवारपासून मी जरा आवरतं घेतलं की बाईंच्या आधी तीच म्हणायची, "ताई, उरलेलं कुठं गेलं?" आणि दोघी खिदळायच्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण माझी खेचायला त्यांना भाषा लागत नव्हती.

रहिमाला लेबर ऑफिसची वेळ रविवारची मिळाली. गुरुवारी दुपारी बाई आमच्या मजल्यावर लिफ्टपाशी खाली बसल्या. "जरा थांब गं," एवढंच म्हणाल्या. इस्पितळात डॉक्टर बाहेर आला, अरबीत काहीतरी बोलला. ऑफिसच्या ड्रायव्हरने माझ्याकडे न बघता सांगितलं, "खलास, मॅडम."

मी घरी आले. कुकर लावला. माझी लेक इंग्रजीत विचारत राहिली, मम्मी, आर यू ओके? मी म्हटलं, जेवून घे. शुक्रवारी त्यांच्या फ्लॅटवर बाया जमल्या, कुणी गात होतं, कुणी ऊर बडवत होतं. मी कप विसळत होते. मला काहीच वाटत नव्हतं, हेच खरं. दाढ काढताना हिरडी बधिर करतात, तसं आतून सगळं झालं होतं. रहिमाला त्या शुक्रवारी सुट्टीच दिली नव्हती, तिला काही माहीत नव्हतं.

रविवारी ती कशीबशी निघून आली. "बाई?" म्हणाली. "त्यांना जमणार नाही," मी म्हटलं, "चल, यल्ला." तेव्हा सांगितलं असतं तर ती तिथंच बसली असती.

आत काळ्या पायघोळ अबायातली एक अधिकारी बाई होती. तिने मलाच विचारलं, हिचं काय म्हणणं आहे? मी रहिमाकडे वळले. रहिमा खुर्चीतून उठून उभी राहिली. आधी नाव सांगितलं. मग कडीपासून पॅडपर्यंत सगळं बोलली, आणि मी त्यातलं काही गाळलं नाही. अधिकारी बाईने पेन खाली ठेवलं आणि मालकाला फोन लावला. तो आला तो पासपोर्ट घेऊनच. गैरसमज झाला म्हणाला. तिकिटाचंही कबूल केलं.

बाहेर रणरणतं ऊन. रहिमा पासपोर्ट छातीशी धरून हसत होती, रडत होती. "बाईंना फोन लावा ना, ताई. म्हणावं, मी पोचते लेकीकडं."

"त्यांना बरं नाहीये," मी म्हटलं.

ती हसायची थांबली. मग हळूच म्हणाली, "ताई, उरलेलं कुठं गेलं?"

मी सांगितलं. लिफ्ट, डॉक्टर, ड्रायव्हर, कप, घानाहून निघालेली त्यांची बहीण, सगळं. बातम्या वाचल्यासारखं सांगितलं. रहिमा पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडली. मी तिची पिशवी धरून उभी होते.

बऱ्याच वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं. "हे बाईंचं झालं," ती म्हणाली. "आणि तुमचं?"

तिची नात आता रांगायला लागलीय, फोनवर दाखवते. मला अजून रडू आलेलं नाही. रहिमाही अजून विचारते.