कोंबडा डिकीत आणि अर्धी किल्ली हातात: खारेपाटण ते देवबाग

आमच्या ह्यांनी गाडीसाठी नवस बोलला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आमची पांढरी अँबॅसिडर पासिंगला न्यायची होती आणि ती पास होणार नाही हे वाडीतलं कुत्रंसुद्धा सांगत होतं. म्हणून ह्यांनी देवबागच्या राखणदाराला परस्पर सांगून टाकलं, गाडी पास कर, कोंबडा देतो. गाडी पास झाली. कोंबडा कोणाचा द्यायचा? माझा.

बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगते. राखणदार म्हणजे आमच्या सासरच्या जागेची राखण करणारा देव. त्याला देऊळ नाही, खाडीकडेला वडाखाली एक दगड आहे तेवढाच. कबूल केलेलं तो विसरत नाही आणि मेलेला कोंबडा घेत नाही. हे दुसरं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जानेवारी महिना. देवबाग बघायला हाच काळ बरा, मे महिन्यात तिथे वाळूत पाय ठेवून दाखवा. पहाटे निघायचं ठरलं. मी तयार होऊन अंगणात उभी, आणि हे खोबरेल तेलाची वाटी घेऊन डिकीच्या कुलपाला तेल पाजतायत. ह्यांचं सगळं खोबरेल तेलावर चालतं. डोक्याला तेच, गुडघ्याला तेच, दाराच्या कडीला तेच. गाडी घेतल्यापासून त्या कुलपाने जेवढं तेल प्यायलं तेवढं माझ्या केसांनी प्यायलं नसेल.

कोंबडा मांडीवर घेऊन बसते म्हटलं, तर चालेना. पासिंगसाठी सीटला नवीन कव्हरं शिवून घातलेली, चॉकलेटी रंगाची.

"शिटलो तर?" हे म्हणाले.

"शिटलो तर धुवया. देवाच्या कोंब्याक डिकीत घालतास?"

"दोरी बांधतंय, झाकण उघडा ठेवतंय. वारो लागात त्येका."

झाकणात नारळाचं सोडण अडकवून वर सुंभ बांधला. कोंबडा पाय बांधून टोपलीखाली. तांबडा, मानेवर पिवळी झाक, अंगात नुसती मस्ती. निघालो.

रस्त्याचं सांगायचं तर खारेपाटणहून खाली हायवे आता चांगला आहे. चांगला आहे म्हणून सगळे उडवतात, आणि आमचे हे बैलगाडीच्या चालीने. मागून हॉर्न वाजला की ह्यांना वाटतं गाडीला सलाम करतायत. कणकवलीत उसळपाव खाल्ला. उसळ बरी, चहा पाण्यासारखा. मी मध्येच उठून कोंबड्याला तांदूळ घालून आले. पुढे कसालला उजवीकडे वळायचं, पाटी बघून वळा. तिथून मालवणपर्यंत काजूच्या बागांतून नुसती वळणं आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि नवऱ्याशी भांडत राहावं. मला त्याने मळमळत नाही.

मालवणच्या बाजारात जावेसाठी मालवणी खाजा घेतला. गाडी उभी करायला जागा मिळत नाही, तेव्हा लांब लावून चालत जा. परत येते तर डिकीपाशी चार पर्यटक उभे राहून कोंबड्याचे फोटो काढतायत आणि आमचे हे लाजून लाल. माणसं पांगल्यावर ह्यांनी काय करावं? सोडण काढलं, सुंभ सोडला आणि झाकण धाडकन आपटलं.

"कशाक लावलास?"

"बरा दिसना नाय. आता इलाच देवबाग."

तारकर्लीवरून देवबागला एकच रस्ता आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, मध्ये माडांत घरं. समोरून बस आली की कोणीतरी मागे जायचं, आणि आमचे हे मागे जात नाहीत. दर दहा पावलांवर पोरं गाडीला हात करतात, "आज्जी, डॉल्फिन बघूक चला!" मी म्हटलं, माझ्या शेजारी बसलाय एक, तो बघून पुरे झालं. रविवारी येऊ नका एवढंच सांगते.

घरी दीर बाबू आणि जाऊ शालन वाटच बघत होते. त्यांनी घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्यात. स्वच्छ आहेत, जेवण शालनच्या हातचं, मासे सकाळचे. बाबूने कोयता धुऊन ठेवलेला. सूर्य बुडायच्या आत कोंबडा द्यायचा होता. आम्ही पोचलो ते डोक्यावर ऊन आलं तेव्हा, म्हणजे वेळ भरपूर होता.

ह्यांनी गाडी माडांच्या सावलीत लावून डिकीची किल्ली घातली. फिरेना. पुन्हा घातली. झाकणावर बुक्की मारली. मग मी म्हटलं, जोर करू नका, आणि मी म्हटलं म्हणून ह्यांनी जोर केला. अर्धी किल्ली कुलपात राहिली, अर्धी ह्यांच्या बोटांत. आत कोंबडा फडफडला.

"आता?" शालन म्हणाली.

हे हातातल्या तुकड्याकडे बघत होते, जणू तो मोडायचाच होता आणि मोडला.

खोलीत राहायला आलेले पुण्याचे एक गृहस्थ चहाचा कप घेऊन बाहेर आले. "काका, आतून उघडायचं बटण असेल ना?"

"आसा मां," मी म्हटलं. "कोंब्याक सांगा दाबूक."

बाबूने पहार आणली. ह्यांनी ती हिसकावून घेतली. पत्र्याला पोचा येईल! बाबूने कणकवलीच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तो म्हणाला, "तेल खंयचा घालतास?"

"खोबरेल," हे अभिमानाने म्हणाले.

तो म्हणाला, "काका, त्या तेलात धूळ बसान त्येचो चीक झालो. थंडीत तो दगड होता. गाडी उन्हात लावन ठेवा, दोन तासांत मऊ पडात. मगे पकडीन फिरवा."

हे लगेच गाडी उन्हात ढकलायला निघाले. बाबू मागून हात लावायला लागला, पुण्याच्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. मी गाडीच्या आडवी उभी राहिले.

"दोन तास उन्हात? भितर कोंबो आसा, तेचा काय सुका करतलास?"

सगळे थांबले. म्हणजे बघा, सावलीत ठेवली तर डिकी उघडत नाही आणि उन्हात ठेवली तर कोंबडा मरतो. ज्याला मारायलाच इतक्या लांब आणला त्याला जगवायला पाच माणसं घाम गाळत होती. तो मेला तर मला दुसरा द्यावा लागला असता. ऐन वेळी मिळाला असता तो लहानखुरा, आणि देवाला सांगायचं काय? तुझा कोंबडा तुझ्याच गाडीने खाल्ला?

आणि तेवढ्यात आतली फडफड थांबली. बाबूने पत्र्याला कान लावला आणि मान हलवली. काही ऐकू येत नाही.

मी मागचं दार उघडलं. "सीटची पाठ काढा."

"नको गो," हे म्हणाले. "नवीन कव्हर आसा. खालसून शिवलेला. उसवूचा लागात."

"गाडी कोणी पास केल्यान? कव्हरान?"

मी शालनकडे वळले.

"शालन, कोयती हाड."

शालनने मासे कापायची कोयती आणून दिली. ह्यांनी तोंड माडांकडे फिरवलं. मी ते चॉकलेटी कव्हर खालून वरपर्यंत चिरलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बाबूने खिळी काढून पाठ ओढली. मागे पुठ्ठा होता, तोही फाडला. एवढंसं भोक झालं. बाबूचं पोट त्यातून जाणं शक्य नव्हतं, ह्यांचं तर नाहीच. पुण्याचे गृहस्थ आपलं पोट आत घेऊन उभे राहिले, पण कोणी त्यांना विचारलं नाही. मी काष्टा खोचला आणि शिरले.

"वयनी, सांबाळान!" बाबू ओरडला.

आत काळोख. पेट्रोलचा वास, रबराचा वास, कोंबड्याच्या विष्ठेचा वास. गुडघ्याखाली स्टेपनी. हाताने चाचपत गेले. टोपली कलंडलेली. तिच्या पलीकडे पिसं लागली. गरम होती, पण हलत नव्हती. मी दोन बोटं पिसांखाली घातली आणि म्हटलं, "मेल्या, आत्ता नको."

त्याने करकचून चोच मारली.

"जिता आसा!" मी ओरडले. बाहेर सगळे असे ओरडले की जणू सून बाळंत झाली. बाबूने स्क्रूड्रायव्हर आत सरकवला, मोबाईलचा उजेड धरला. कुलपाच्या पोटाशी काळा, मेणासारखा गोळा होता, त्यात मुंग्या चिकटून मेलेल्या. मी तो खरवडला, जिभली मागे रेटली आणि पायाने वर लाथ घातली. झाकण उघडलं. एका हातात कोंबडा, तोंडाला जळमटं, अशी मी उभी राहिले. पुण्याच्या गृहस्थांच्या बायकोने फोटो काढला. मी काढ म्हटलं नव्हतं.

कोंबड्याला पाणी पाजलं. वाटीभर प्यायला. मग सावल्या लांब झाल्यावर वडाखाली गेलो. बाबूने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान बोलल्याप्रमाणा तुझा मान तुका दिल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आणि ह्या गाडयेची डिकी परत कधी अडकाची असात, तर ती रिकामी असतानाच अडकांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुण्याचे गृहस्थ सगळ्यांत मोठ्याने.

मी मान खाली घालून हसले. ह्यांनी बघितलं.

रात्री शालनने वडे केले, रस्सा केला. मांस जरा चिवट होतं, वयाचा होता. मी दोनदा वाढून घेतलं. पुण्याच्या बाई जेवल्या नाहीत, त्यांनी डाळभात मागितला. मला म्हणाल्या, "आजी, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटला मां," मी म्हटलं. "मीठ कमी वाटला."

दुसऱ्या दिवशी डिकी सुंभाने बांधून परत आलो. मागच्या सीटला आता पाठ नव्हती, तिथे नारळाची गोणी बसवली. कुलूप अजून तसंच आहे. हे म्हणतात, जुन्या गाडीचं कुलूप मुंबईहून मागवावं लागेल. खोबरेलाची वाटी मी उचलून वरच्या फळीवर ठेवलीय. तुम्ही जुनी गाडी घेऊन जाणार असाल तर निघण्याआधी डिकी चार वेळा उघडून बघा आणि जिवंत जीव मांडीवर घ्या. कव्हराचं काय ते नंतर बघता येतं.

आणि एक झालंय. परत आल्यापासून मला उठायला उशीर होतो. काल जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं, दूधवाला हाका मारून गेलेला. हे चहा घेताना म्हणाले, "आठवण येता मां त्येची?"

आठवण कसली. घड्याळ होतं ते माझं, ते मी वड्यांबरोबर खाल्लं.