पाठमोरं घर

इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, लेखन आणि बोलणं या तिन्हींत मी पुरून उरले होते. बोलण्याच्या परीक्षेत तर समोरच्या बाई मला थांबवता थांबवता दमल्या. घात केला तो ऐकण्याच्या पेपरानं. अर्धा गुण कमी पडला. आणि आयर्लंडच्या ज्या रुग्णालयानं मला नर्स म्हणून पसंत केलं होतं, त्यांनी गोड भाषेत कळवलं, की दिवाळीपर्यंत तेवढा अर्धा गुण भरून काढा, नाहीतर जागा दुसरीला देऊ.

मला आधी परीक्षेचाच राग आला. वॉर्डाच्या त्या टोकाला कुणी कण्हलं तरी मला या टोकाला ऐकू येतं, आणि हे कोण मला बहिरी ठरवणारे! क्लासचे सर म्हणाले, रोज तासभर हेडफोन लावून ऐका. ऐकलं. त्यात कायम कुणीतरी बाई वाचनालयाची सभासद व्हायची, नाहीतर कुणाची तरी बॅग हरवायची. दोन वाक्यं झकास कळायची. तिसऱ्याला माझे डोळे उगाच इकडंतिकडं काहीतरी शोधायला लागायचे आणि चौथं हातचं जायचं. काय शोधतात ते माझं मलाच कळेना.

ते कळलं वडिलांमुळं. सोलापुरात आमच्या घराला लागून आमचा चार मागांचा कारखाना आहे, टॉवेलचा. सकाळी माग सुरू झाले की त्या खडखडाटात शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडं कुणी ओरडत बसत नाही, सरळ तोंडाकडं बघतो. अम्मा, म्हणजे माझी आई, दारात उभी राहून नुसते ओठ हलवते आणि वडील जेवायला येतात. मी रांगत होते तेव्हापासून हे असंच चाललंय, त्यामुळं जगात सगळीकडं असंच असतं अशी माझी समजूत होती.

एका सुट्टीच्या दिवशी माग बंद होते. वडील माझ्याकडं पाठ करून मागाला तेल घालत होते. ते काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "काय?" ते परत म्हणाले. मी परत "काय?" म्हटलं, उठले, आणि अख्ख्या मागाला वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"मोहरं कशाला आलीस?" वडील म्हणाले.

"ऐकू आलं न्हाई."

"अगं, माग बंद हायत की! एवढं शांत हाय..." बोलता बोलता ते थांबले. तेलाची बुधली खाली ठेवली. "पोरी, तू ऐकत न्हाईस. तू बघतीस."

मला एकदम सगळं आठवलं. मास्कच्या दिवसांत प्रत्येक डॉक्टरला मी तीन-तीनदा विचारायचे, आणि ते मला धांदरट समजायचे. हेडफोनमध्ये माझे डोळे जे शोधत होते ते तोंड होतं, दुसरं काही नाही! मी तिथंच खाली बसून पोट धरून हसले. आपण मठ्ठ नाही, एवढंच कळल्याचा आनंद केवढा मोठा असतो. अम्मा बघायला आली, तर वडिलांनी तिच्याकडं पाठ केली आणि काहीतरी पुटपुटले. ती बिचारी निमूटपणे मागाला वळसा घालून समोर आली. मग तर आमचं हसणं आवरेना.

वडिलांनी त्याच दिवशी फर्मान काढलं. "परीक्षा हुईस्तोवर हिच्याशी कुणी तोंड दाखवून बोलायचं न्हाई."

पुढचा महिनाभर आमचं घर म्हणजे तमाशा होता. अम्मा भिंतीकडं तोंड करून भाकरी थापायची आणि भिंतीलाच विचारायची, "आजून एक घालू का?" वडील संध्याकाळी खुर्ची उलटी फिरवून बसायचे. ते आठवीपर्यंत शिकलेले, पण अक्षराला अक्षर लावून इंग्रजी वाचतात. सरावाच्या पुस्तकातले संवाद ते खिडकीकडं तोंड करून, दर शब्दाला हिसका देत मोठ्यानं वाचायचे. म्हणायचे, "माझं इंग्लिश कळलं तर तुला कुठल्याबी साहेबाचं कळतंय बघ." एकदा हरवलेल्या बॅगेच्या संवादात ते इतके रंगले की मध्येच गर्रकन माझ्याकडं वळले. मी ओरडले, "तोंड! तोंड दाखवू नका!" ते घाईनं परत खिडकीकडं वळले आणि खिडकीला म्हणाले, "पण त्याची बॅग घावली का न्हाई शेवटी?" पुस्तकात तेवढंच दिलं नव्हतं. दोन दिवस त्यांना त्या अनोळखी माणसाच्या बॅगेची हळहळ लागून राहिली होती.

अशात बार्शीची आत्या आली. तिनं आत पाऊल टाकलं तर एका खोलीत तीन माणसं, तीन दिशांना तोंडं. कुणी कुणाकडं बघेना. आत्यानं एकही प्रश्न विचारला नाही. गपचूप चहा प्याली आणि गल्लीत गेली. ध चा मा करायला तिला चहाइतकाही वेळ लागत नाही. संध्याकाळी गल्लीतली तीन वडीलधारी माणसं समेट घडवायला आमच्या दारात हजर.

"एकुलती एक पोर हाय," त्यातले एकजण समजावणीच्या सुरात म्हणाले. "जाती म्हणती तर जाऊ द्या की. आबोला कशाला?"

वडिलांना हसू येत होतं, पण मी समोर उभी होते आणि नियम म्हणजे नियम. ते उठले, सगळ्यांकडं पाठ केली आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "भांडण न्हाई ओ. आब्यास चाललाय."

पाहुण्यांना वाटलं, प्रकरण फारच विकोपाला गेलंय. एकानं तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. शेवटी मी सगळं सांगितलं तेव्हा मात्र ते असे हसले की पलीकडची माणसं गोळा झाली. सगळीच मागवाली. मग प्रत्येकानं प्रत्येकाकडं पाठ करून बोलून बघितलं, आणि अर्ध्या गल्लीला ऐकू येत नाही हे सिद्ध झालं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या मावशीनंही मला बघून पाठ फिरवली आणि रस्त्याला सांगितलं, "मेथी कवळी हाय, घे की!"

परीक्षा पुण्यात होती. हेडफोनमध्ये आवाज सुरू झाला तसे माझे डोळे परत तोंड शोधायला निघाले. मी मनाशी म्हटलं, अम्मा भिंतीशी बोलतेय, बस. आणि खरंच, एकेक शब्द सुटा सुटा कानात येऊन पडायला लागला. मला इतकं हसू फुटत होतं की पर्यवेक्षक दोनदा माझ्या टेबलाशी येऊन गेले.

निकाल मोबाइलवर आला तेव्हा मी घरी होते. आकडा बघितला आणि तशीच अनवाणी कारखान्यात पळाले. चारही माग धडधडत होते. वडील पलीकडच्या टोकाला. मी दारातूनच ओठ हलवले, "झालं! मिळाले गुण!"

त्यांना कळलं. त्यांचा चेहराच सांगत होता. पण ते माझ्याकडं आले नाहीत. पहिला माग बंद केला. मग दुसरा, तिसरा, चौथा. टॉवेल अर्धवट असताना त्यांनी माग थांबवलेला मी कधी बघितला नव्हता. सगळं गप्प झालं.

"आता परत सांग," ते म्हणाले. "कानानं ऐकायचंय मला."

मी सांगितलं. तीनदा सांगितलं, एकदा तर इंग्रजीत. ते ऐकत होते, मान हलवत होते, हसत होते. मग त्यांनी माझ्याकडं पाठ केली, मागावरचा तुटलेला धागा जोडायला घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "जायचं कधी?"

ते मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. तरी मी म्हटलं, "काय?"