अर्ध्या टाकीची चाचणी

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. वाहनं तपासण्याच्या नव्या कार्यालयात मी कारकून होतो. रस्त्यावर चुन्याची रेघ मारायची आणि ब्रेक दाबल्यावर गाडी रेघेपुढे किती गेली ते फितीनं मोजायचं, हे माझं काम.

एकदा जळकोटकडे पाणी नेणारा टँकर आला. रिकामा होता, चटकन थांबला. निरीक्षक तपासणीच्या दाखल्यावर सही करणार, तोच पन्नाशीचा ड्रायव्हर खाली उतरला.

“साहेब, अर्धं पाणी भरून बघा. पहिल्या गावात अर्धी टाकी खाली झाली की आतलं पाणी लई ढकलतंय. पुढच्या गावात बाया घागरी घिऊन रस्त्यावरच उभ्या असत्यात.”

शेजारी उभा असलेला मालक त्याच्याकडे रागानं बघत राहिला. निरीक्षकांनी पाणी भरायला लावलं. ड्रायव्हर त्याच वेगानं आला आणि रेघेवर ब्रेक दाबला. टाकीत पाणी धाडकन आदळलं, टँकर घसरत बराच पुढे गेला.

पाण्याचा धक्का अडवायला टाकीत आडवे पत्रे बसवल्याशिवाय सही मिळणार नाही, असं निरीक्षक म्हणाले. मालकानं तिथंच किल्ली काढून घेतली. “उद्यापासून येऊ नको.”

मला वाटलं, आता ड्रायव्हर घरी जाईल. तो सरळ माझ्या टेबलापाशी आला.

“बाकीचे टँकर कवा बोलावता? मी हितंच बसतो.”

निरीक्षकांनी मला रिकामेच तपासून सही दिलेल्या टँकरांची यादी काढायला सांगितली.