बोराएवढे कोबी

मळमड्डीच्या वस्तीतून शाळेत शिकवायला जाताना मला एक अक्का रोज अंगणातल्या कुंडीशी वाकलेल्या दिसायच्या. फाटक वाजलं की दचकायच्या. मुलानं परदेशातून ब्रसेल्स स्प्राउटचं बी पाठवलं होतं. उभ्या देठाला बोराएवढे कोबी लगडतात म्हणे.

"कोबी धरले की येतो म्हणालाय बघा," त्या सांगायच्या आणि उन्हात रोपावर ओलं गोणपाट धरायच्या.

थंडीत पानांच्या बेचक्यांत हिरवे मणी फुटले. मी आनंदानं थांबले, तर अक्का नखांनी ते खुडत होत्या.

"अहो अक्का, हे काय?"

त्यांनी आधी रस्त्याकडं पाहिलं. "धरले, अन् तो आला नाही तर?"

त्यानंतर तिथून जाताना मी कुंडीकडं बघतच नसे. चुकून एखादा मणी राहिलेला दिसेल, अशी धास्ती वाटायची.