बिल्डरने दिलेला पत्ता

मुलांनो, तुम्ही सुट्टीत येऊन राहाल म्हणून आम्ही घर बांधायला काढलंय. ज्या बिल्डरला काम द्यायचा विचार आहे, त्याने आधी बांधलेलं एक घर बघायला मी काल तुमच्या आजोबांबरोबर गेले होते. पत्ता त्यानेच दिला होता.

घरच्या बाई माझ्याच वयाच्या. "माणूस अगदी देवासारखा हो!" त्या म्हणाल्या. पण बोलताना सगळा वेळ एकाच भिंतीला पाठ लावून उभ्या. "अहो, बसा ना," म्हटलं तरी बसेनात. चहा आणायला आत गेल्या तेव्हा दिसलं, त्या भिंतीवर छतापासून ओल उतरली होती आणि रंगाचे पोपडे सुटले होते.

निघताना मला कुंकू लावता लावता त्या हळूच म्हणाल्या, "बिल्डरना सांगा हं, मी चांगलंच बोलले. गच्चीचं काम करून द्यायचं राहिलंय अजून."

"खोटं बोलली बाई," रस्त्यात आजोबा म्हणाले. मला तसं म्हणवेना. आपलं छप्पर ज्याच्या हातात, त्याच्याबद्दल माणूस खरं कसं बोलणार?

या बिल्डरला आम्ही नाही म्हणू. पण उद्या दुसऱ्या बिल्डरकडे आमचंही काही अडलं आणि कोणी विचारायला आलं, तर मी कुठल्या भिंतीपाशी उभी असेन, कोण जाणे.